गुरू नसलेले घराणे

१९५३ साली व्हिएन्नात काही तरुण वादकांनी एक वाद्यमेळ उभा केला आणि पहिली जाहीर मैफल केली ती १९५७ साली. मधली चार वर्षे ते केवळ तालीम करत होते. जे वाजवायचे त्यासाठी आपला हात आणि आपला कान अजून तयार झालेला नाही, असे त्यांचे स्वतःचेच मत होते. कॉन्सेन्टस म्युझिकस हे त्या मेळाचे नाव. पुढे त्याने बाखच्या कँटाटा (गायक आणि वाद्यमेळ यांच्यासाठीच्या रचना), मॉन्टेव्हर्डीचे ऑपेरा आणि विवाल्डीच्या ‘चार ऋतूं’सारखी कानाला सवयीची झालेली रचना जगाला नव्याने ऐकायला लावली. ही कीर्ती मोठी आहे. पण या मेळाची हकिगत मराठीत सांगावी असे मला वाटले ते त्या चार वर्षांमुळे. त्या काळात त्यांनी नेमके काय केले हे समजले, तर पुढच्या साठ वर्षांचा अर्थ लागतो.

मेळाच्या केंद्रस्थानी एक जोडपे होते. निकोलाउस हार्नोनकूर १९२९ साली बर्लिनमध्ये जन्मला, ग्राझ शहरात वाढला आणि चेलो शिकण्यासाठी व्हिएन्नात आला. आलिस हॉफेल्नर ही व्हायोलिनवादक त्याला तिथेच भेटली. १९४९ मध्ये दोघांनी आणखी दोन मित्रांना घेऊन व्हिओला दा गांबा या जुन्या वाद्यांचे चौघांचे पथक काढले होते, आणि बाखच्या द्विशताब्दी पुण्यतिथीच्या वर्षी, १९५० मध्ये, त्याची ‘आर्ट ऑफ फ्यूग’ ही रचना त्या वाद्यांवर सादर केली होती. १९५२ साली हार्नोनकूरला व्हिएन्ना सिम्फनी ऑर्केस्ट्रामध्ये चेलोवादकाची नोकरी लागली. तेव्हा त्या वाद्यवृंदाची सूत्रे हर्बर्ट फॉन काराजानच्या हाती होती. पुढच्याच वर्षी लग्न झाले आणि मेळही सुरू झाला. मेळातले बरेचसे वादक याच सिम्फनीतले सहकारी होते. नोकरीत ब्रुकनर आणि ब्राम्स वाजवायचे आणि उरलेल्या वेळी हार्नोनकूरांच्या घरात जमून अडीच-तीनशे वर्षांपूर्वीच्या रचनांपुढे विद्यार्थी होऊन बसायचे, असा त्यांचा क्रम होता. व्हिएन्ना तेव्हा चार विजेत्या राष्ट्रांच्या ताब्यात होते आणि १९५५ पर्यंत तसेच राहिले. पैसा कोणाकडेच नव्हता. या घरात पुढे चार मुले झाली, पण तालमी थांबल्या नाहीत.

आता त्यांच्यापुढची अडचण काय होती ते नीट सांगायला हवे, कारण आपल्याकडच्या रसिकाला ती चटकन जाणवणार नाही. आपले राग-संगीत तोंडून तोंडी आले. अल्लादिया खाँसाहेब कोल्हापूरला आले, त्यांच्याकडून केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर शिकल्या, त्यांच्याकडून पुढची पिढी शिकली. या साखळीत प्रत्येक कडीला मागची कडी प्रत्यक्ष ऐकायला मिळाली होती. युरोपातल्या बरोक संगीताची साखळी मात्र तुटली. १६०० च्या सुमारास सुरू झालेली ही शैली १७५० मध्ये बाख वारला त्या काळातच मागे पडू लागली होती. नंतरच्या दोन पिढ्यांनी नवे संगीत वाजवले, नव्यासाठी नवी वाद्ये घडवली, आणि जुने वाजवण्याची रीत तिच्या शेवटच्या जाणकारांबरोबर संपली. १८२९ मध्ये मेंडेलसोहनने बर्लिनमध्ये बाखचे ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ पुन्हा उभे केले तेव्हा स्वरलेखन हाताशी होते. ते कसे उच्चारायचे हे सांगणारा कोणी उरला नव्हता. त्याने ते आपल्या काळाच्या रीतीने सादर केले, आणि त्यात त्याचे काही चुकले असे मला वाटत नाही. मात्र पुढची सव्वाशे वर्षे तीच रीत परंपरा म्हणून चालली.

कागद होता आणि उच्चार हरवला होता, हे या मेळाच्या सगळ्या खटाटोपाचे मूळ आहे. बरोक काळातला रचनाकार कागदावर फार थोडे लिहीत असे. मॉन्टेव्हर्डीच्या शेवटच्या ऑपेरांच्या हस्तलिखितांत पानेच्या पाने फक्त गाण्याची ओळ आणि तिच्याखाली मंद्र स्वरांची ओळ आहे. मधली भरगच्च साथ वादकांनी बसल्या जागी, आकड्यांच्या खुणांवरून किंवा निव्वळ समजुतीने उभी करायची. कोणता स्वर लांबवायचा, कोणता सोडून द्यायचा, कुठे अलंकार घ्यायचा, हे लिहिण्याची गरजच नसे, कारण वाजवणाऱ्याला ते ठाऊक असे. एखाद्या बंदिशीचे नोटेशन जसेच्या तसे वाजवले तर त्यातून राग उभा राहत नाही, हे आपल्याला सांगावे लागत नाही. युरोपला ते विसाव्या शतकात पुन्हा शिकावे लागले.

या वाटेवर कॉन्सेन्टसच्या आधीही माणसे चालून गेली होती. इंग्लंडमध्ये आर्नल्ड डोलमेच एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच जुनी वाद्ये दुरुस्त करून, नवी घडवून वाजवत होता. वांडा लांडोव्स्काने हार्पसिकॉर्ड मैफलीत परत आणले. १९३३ मध्ये बाझेल शहरात जुन्या संगीतासाठी स्वतंत्र शाळा निघाली. व्हिएन्नात योझेफ मेर्टिन हे शिक्षक जुन्या वादनपद्धतीचे वर्ग घेत, आणि हार्नोनकूर त्यांचा विद्यार्थी होता. तेव्हा त्याच शहरात असलेल्या गुस्ताव लेओनहार्ट या डच हार्पसिकॉर्डवादकाबरोबर हार्नोनकूर दांपत्याने १९५४ मध्ये बाखच्या दोन कँटाटांचे ध्वनिमुद्रण केले. गायक होता आल्फ्रेड डेलर. तेव्हा ‘पहिले’ हे विशेषण कॉन्सेन्टसला लावण्याचा मोह टाळलेला बरा. त्यांचे मोठेपण वेगळ्या ठिकाणी आहे: त्यांनी जुन्या वाद्यांना उत्तम व्यावसायिक वादकांचे हात दिले आणि त्या हातांना इतका वेळ दिला की ती वाद्ये कुतूहलाची वस्तू राहिली नाहीत.

गुरू नव्हते, तेव्हा दोन गोष्टींना गुरू मानावे लागले. त्यांतली एक म्हणजे ग्रंथ. योहान योआखिम क्वांट्झचा बासरीवरचा ग्रंथ १७५२ चा, बाखचा मुलगा कार्ल फिलिप एमानुएल याचा कळफलकाच्या वाद्यांवरचा १७५३ चा, मोझार्टचे वडील लेओपोल्ड यांचा व्हायोलिनवरचा १७५६ चा. ही पुस्तके ग्रंथालयांत होती आणि संशोधक ती वाचतही होते. कॉन्सेन्टसच्या वादकांनी ती हातात वाद्य धरून वाचली. एखादे वाक्य वाचायचे, वाजवून पाहायचे, पटले नाही तर पुन्हा वाचायचे. या जुन्या लेखकांचा एक आग्रह त्यांनी फार गांभीर्याने घेतला: एका मात्रेतले सगळे स्वर सारख्या वजनाचे नसतात. काही मानाचे असतात आणि काही त्यांच्या सोबतीला आलेले, आणि बोलताना आपण जसे काही अक्षरांवर जोर देतो व काही गिळून टाकतो तसेच वाजवतानाही करायचे. विसाव्या शतकाच्या मध्यास बाख दोन तऱ्हांनी वाजवला जाई. एक तऱ्हा प्रचंड, संथ आणि गंभीर. दुसरी टकटकीत, सगळे स्वर एका मापाने कापलेली. या एका सूत्राने दोन्ही तऱ्हा निकालात निघाल्या.

दुसरा गुरू म्हणजे खुद्द वाद्य. याविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण माझ्या मते या मेळाचा खरा शोध इथेच आहे. आज आपण ज्या स्ट्रॅडिव्हेरियस व्हायोलिनांविषयी आदराने बोलतो त्यांतली बहुतेक एकोणिसाव्या शतकात उघडून बदललेली आहेत. मोठ्या सभागृहात आवाज पोचावा म्हणून त्यांची मान लांब करून मागे झुकवली, घोडी उंच केली, आतली आधाराची पट्टी जाड केली. पुढे तातीच्या तारांच्या जागी पोलादी तारा आल्या. गजही बदलला. जुना गज बाहेरच्या बाजूला किंचित बाक असलेला, हलका. मुठीजवळ त्याचा आवाज भरदार असतो आणि टोकाकडे जाता जाता तो आपसूक विरतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्स्वा तुर्तच्या हातून आकाराला आलेला नवा गज आत वळलेला आहे, आणि तो मुठीपासून टोकापर्यंत एकसारखा, न तुटणारा स्वर काढू शकतो. आता जुना गज हातात घेऊन बाखची एक ओळ वाजवली की स्वर स्वतःच फुलतो आणि ओसरतो, दोन स्वरांच्या मध्ये हवा शिरते, ओळीचे शब्द वेगळे ऐकू येतात. ग्रंथात जे वाचले होते ते गज करून दाखवतो. नव्या गजाने तेच साधायला वादकाला गजाशी झगडावे लागते.

तातीच्या तारांचे मोल आपल्याकडे कोणी निराळे सांगायला नको. सारंगीच्या मुख्य तारा तातीच्याच असतात, आणि दमट हवेत त्या किती छळतात हे कोणताही सारंगिया सांगेल. कॉन्सेन्टसच्या मैफलीत दोन रचनांच्या मध्ये वाद्ये जुळवायला वेळ जायचा. सुरुवातीच्या काळातल्या श्रोत्यांना ते विचित्र वाटे. पण तातीचा स्वर पोलादाच्या स्वरापेक्षा मऊ आणि किंचित खरखरीत असतो, त्याच्यात श्वास असतो, आणि चारपाच वाद्ये एकत्र वाजली तरी प्रत्येकाचा आवाज निराळा ओळखू येतो. बरोक रचनेत सगळे काही या निराळेपणावर उभे असते. वाद्ये सर्वसाधारणपणे आजच्या पट्टीपेक्षा सुमारे अर्धा स्वर खाली लावली जात. आज ज्याला ४४० म्हणतात तो स्वर ४१५ च्या आसपास. स्वर कंपित करणे हा अलंकार म्हणून राखून ठेवला जाई. आलिसच्या हातात याकोब श्टाइनरने १६५८ मध्ये घडवलेले व्हायोलिन असे आणि निकोलाउसच्या हातात पॅरिसच्या कास्तान्येरीने १७४४ मध्ये केलेला चेलो, जमिनीवर टेकायचा लोखंडी टेकू नसलेला, दोन पोटऱ्यांत धरून वाजवायचा. ओबो, बासरी आणि बसून या लाकडी वाद्यांना चाव्या अगदी थोड्या. शिंग आणि तुतारीला झडपाच नाहीत. सगळे स्वर ओठांनी आणि फुंकरीने काढायचे, आणि त्यांतले काही आपल्या सवयीच्या सुरावटीत चपखल बसत नाहीत. हार्नोनकूरने ते बसवण्याचा अट्टाहास धरला नाही. रचनाकाराला तो खडबडीतपणा माहीत होता आणि त्याने तो धरूनच लिहिले, असे त्याचे म्हणणे होते. मला ते पटते.

पहिल्या मैफली व्हिएन्नाच्या श्वार्झेनबेर्ग प्रासादात झाल्या. पुढे कोन्त्सर्टहाउस आणि त्यानंतर म्युझिकफेराइन ही शहरातली मानाची सभागृहे मिळाली. मुंबईचा झुबिन मेहता १९५४ मध्ये शिकण्यासाठी व्हिएन्नात आला, तो याच शहराच्या भरदार, गोलाईदार तंतुवाद्यस्वराने भारावून गेला आणि आयुष्यभर तो स्वर आदर्श मानत आला. त्याच रस्त्यांवर, त्याच वर्षांत, दुसरी काही माणसे त्या स्वराच्या मागे जाऊन वेगळा स्वर शोधत होती. एका शहरात दोन्ही गोष्टी मावल्या, हे व्हिएन्नाचे वैभव आहे.

१९६३ च्या सुमारास टेलेफुंकन कंपनीशी करार झाला आणि मेळाचा आवाज व्हिएन्नाबाहेर जाऊ लागला. पुष्कळशी ध्वनिमुद्रणे झाली ती शहराच्या उत्तरेकडच्या कासिनो झ्योगेर्निट्झ या जुन्या नृत्यगृहात. १९६४ मध्ये बाखचे सहा ब्रांडेनबुर्ग कॉन्चेर्टो मुद्रित झाले. बाखने १७२१ मध्ये ब्रांडेनबुर्गच्या सरदाराला अर्पण केलेल्या या सहा रचनांत प्रत्येकीचा वाद्यसंच निराळा आहे, आणि जुन्या वाद्यांवर ऐकल्याशिवाय ती निवड का केली ते कळत नाही. दुसऱ्या कॉन्चेर्टोमध्ये तुतारी आणि उभी लाकडी बासरी शेजारी शेजारी आहेत. आजची तुतारी त्या बासरीला सहज गाडून टाकते. बिनझडपेची तुतारी हलक्या फुंकीने वाजवली की दोघी बरोबरीने बोलतात. मग १९६५ मध्ये ‘सेंट जॉन पॅशन’, १९६८ मध्ये ‘बी मायनर मास’, १९७० मध्ये ‘सेंट मॅथ्यू पॅशन’. १९६९ मध्ये हार्नोनकूरने सिम्फनीतली नोकरी सोडली. मोझार्टची जी मायनर सिम्फनी गोड, निरुपद्रवी करून वाजवण्यात आपल्याला यापुढे भाग घ्यायचा नाही, असे कारण त्याने पुढे अनेकदा सांगितले.

सगळ्यांत मोठे काम १९७१ मध्ये सुरू झाले आणि १९८९ पर्यंत चालले: बाखच्या उपलब्ध सर्व धार्मिक कँटाटांचे ध्वनिमुद्रण. सुमारे दोनशे रचना. त्यांतला एक वाटा लेओनहार्टने आपल्या मेळासह ॲमस्टरडॅमकडे उचलला, उरलेला कॉन्सेन्टसने. १७२३ पासून लाइप्झिगच्या थॉमसकिर्खमध्ये बाख रविवारच्या प्रार्थनेसाठी या कँटाटा लिहीत असे. आठवड्याभरात रचना लिहून, भाग उतरवून, मुलांकडून बसवून घ्यायची. ज्या तोवर फारशा कोणी ऐकल्या नव्हत्या अशा कितीतरी कँटाटा या मालिकेमुळे पहिल्यांदाच घराघरांत पोचल्या. तबकड्यांच्या प्रत्येक संचासोबत संपूर्ण स्वरलेखन छापलेले असे. ऐकणाऱ्याने डोळ्यांनीही वाचावे, नुसते विश्वास ठेवून बसू नये, ही त्यामागची वृत्ती मला फार मोलाची वाटते.

या मालिकेत उंच स्वराचे गायन जवळजवळ सगळीकडे मुलांनी केले आहे, कारण बाखच्या चर्चमध्ये स्त्रिया गात नसत. व्हिएन्ना आणि टोल्झ इथल्या मुलांच्या वृंदांतून निवडलेले बारातेरा वर्षांचे गायक कठीण एकल गाणी गातात. बाखच्या काळी मुलांचा आवाज आजच्यापेक्षा उशिरा फुटे, त्यामुळे त्याला अधिक तयारीचे गळे मिळत. इथे श्वास कमी पडतो, काही जागी स्वर डळमळतो. समीक्षकांनी यावर बोट ठेवले आणि ते रास्त होते. तरीही त्या अपुऱ्या श्वासात मला या रचनांतली धडपड अधिक जवळून ऐकू येते. मृत्यू आणि श्रद्धा यांविषयीचे शब्द एक मूल गाते तेव्हा त्यात कसलाही अभिनय उरत नाही.

मॉन्टेव्हर्डीबद्दल पुढे स्वतंत्र प्रकरण आहे, म्हणून इथे एवढेच सांगतो: १६०७ मध्ये मांटुआत सादर झालेला ‘ओर्फेओ’ कॉन्सेन्टसने १९६८ मध्ये मुद्रित केला, आणि ऑपेराच्या इतिहासातल्या या आरंभीच्या कलाकृतीला पुस्तकांतून काढून रंगमंचाकडे नेण्यात त्याचा मोठा हात आहे.

विवाल्डीच्या ‘चार ऋतूं’चे १९७७ चे ध्वनिमुद्रण, आलिसच्या एकल व्हायोलिनसह, अनेकांना झोंबले. वसंताच्या संथ भागात व्हिओलावर दोन स्वर सतत येतात. विवाल्डीने तिथे लिहून ठेवले आहे की हा भुंकणारा कुत्रा आहे आणि तो कायम मोठ्याने, तोडून वाजवावा. बहुतेक वादक तो मऊ पार्श्वसंगीतासारखा वाजवत आले होते. कॉन्सेन्टसच्या व्हिओलातून तो खरोखर भुंकतो. गुराखी झोपला आहे, कुत्रा जागा आहे आणि वर व्हायोलिन गात आहे, असे तिन्ही थर एकाच वेळी ऐकू येतात. रचनाकाराने स्वतः लिहिलेली सूचना पाळली म्हणून लोक रागावले, यावरून सवयीचे बळ केवढे असते ते कळते.

टीका गंभीरही झाली. अमेरिकन अभ्यासक रिचर्ड टरस्किनने असे मांडले की ‘मूळ स्वरूपातील’ वादन म्हणून जे विकले जाते ते प्रत्यक्षात विसाव्या शतकाचीच, आधुनिक अभिरुचीची निर्मिती आहे. या म्हणण्यात तथ्य आहे. पण हार्नोनकूरने स्वतःच ‘अस्सल’पणाचा दावा वारंवार नाकारला होता. बाखच्या चर्चमधले कान, त्यांची श्रद्धा, त्यांचे भय आपल्याकडे नाही. वाद्य जुने घेतले तरी ऐकणारा माणूस आजचाच असतो, हे तो जाणून होता. त्याला जुनी वाद्ये हवी होती ती त्यांवर रचना अधिक स्पष्ट बोलते म्हणून. याचा पुरावा मेळाच्या कामातच आहे. १९७० च्या ‘सेंट मॅथ्यू पॅशन’मध्ये सगळे गायक पुरुष आणि मुलगे आहेत. तीस वर्षांनी, २००० मध्ये, त्याच मेळाने तीच रचना पुन्हा मुद्रित केली तेव्हा स्त्रिया गायल्या, आणि त्या ध्वनिमुद्रणाला ग्रॅमी मिळाले. तत्त्वाला चिकटून राहणाऱ्यांना हा माघारीचा रस्ता वाटला. मला त्यात शिकत राहिलेली माणसे दिसतात.

आलिसविषयी लिहिताना बहुतेक लेखक ‘पत्नी’ या शब्दावर थांबतात, आणि तो अन्याय आहे. सुरुवातीची अनेक वर्षे या मेळासमोर छडी घेऊन उभे राहणारे कोणी नसे. निकोलाउस चेलो घेऊन इतरांमध्ये बसे, आणि गजांची एकजूट पहिल्या खुर्चीवरच्या आलिसकडून होई. १९८५ पर्यंत ती प्रमुख व्हायोलिनवादक होती आणि त्यानंतरही मेळात वाजवत राहिली. जुनी सुटी पाने जुळवणे, भागांवर गजाच्या खुणा करणे, तालमींचे नियोजन, ही कामे दिसत नाहीत. पण मेळ टिकतो तो त्यांच्यावर. तिचे निधन २०२२ मध्ये झाले.

१९७३ मध्ये लंडनला क्रिस्टोफर हॉगवुडने अकॅडमी ऑफ एन्शन्ट म्युझिक काढली, त्याच वर्षी कलोनला राइनहार्ड ग्योबेलने म्युझिका आंटिक्वा. १९७९ मध्ये पॅरिसला विल्यम क्रिस्टीचा लेझार फ्लोरिसाँ, १९९० मध्ये जपानमध्ये मासाआकी सुझुकीचा बाख कॉलेजियम. या सगळ्यांनी कॉन्सेन्टसचे अनुकरण केले असे नाही. काहींनी त्याच्या जोरकस उच्चारांना मुद्दाम बगल दिली, आणि सफाईत तर पुष्कळजण त्याच्या पुढे गेले. परंतु जुन्या वाद्यांवर वाजवून एखादा मेळ जगू शकतो हे त्यांना दिसले ते व्हिएन्नातल्या या उदाहरणामुळे.

मेळ बरोकवर थांबला नाही. हायडन आणि मोझार्ट आले, आणि शेवटी बीथोव्हेन. २०१५ मध्ये चौथी आणि पाचवी सिम्फनी जुन्या वाद्यांवर मुद्रित झाली. पूर्ण नऊ सिम्फनी करण्याचा बेत होता. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, शहाऐंशीव्या वाढदिवसाच्या सुमारास, म्युझिकफेराइनच्या श्रोत्यांना कार्यक्रमपत्रिकेत हार्नोनकूरच्या हस्ताक्षरातली चिठ्ठी मिळाली: शरीर साथ देत नाही, पुढचे बेत सोडून देत आहे. ५ मार्च २०१६ रोजी तो गेला. मेळ मात्र चालू आहे. त्याचा हार्पसिकॉर्डवादक श्टेफान गोटफ्रीड याने सूत्रे हाती घेतली, आणि एरिख ह्योबार्टसारखे जुने व्हायोलिनवादक त्याच्या जोडीला राहिले. ज्यांना गुरू मिळाला नव्हता त्यांच्यापाशी आता शिष्यांची दुसरी पिढी आहे, आणि तिच्यापुढे उलटी अडचण आहे: कॉन्सेन्टसची रीतही आता परंपरा झाली आहे.

वाचकाने पुढच्या प्रकरणांसोबत काही ऐकावे अशी माझी विनंती आहे. सुरुवात चौथ्या ब्रांडेनबुर्ग कॉन्चेर्टोने करावी, १९६४ च्या ध्वनिमुद्रणाने. त्यात दोन लाकडी बासऱ्या आणि एक व्हायोलिन यांचे बोलणे पहिल्या ऐकण्यातच उलगडते. मग ‘सेंट मॅथ्यू पॅशन’चा पहिला कोरस, आधी १९७० चा आणि नंतर २००० चा, एकापाठोपाठ ऐकावा. कँटाटांकडे घाई न करता वळावे. एका बैठकीत एक पुरे. पहिले प्रकरण १९४९ च्या गांबा-पथकापासून सुरू होते.